वसंताच्या तोंडावर ट्राउट : थंड पाणी, वितळता बर्फ आणि दिवसातली नेमकी वेळ

काठावरचा

माझा प्रश्न हिवाळा नुकता सरत असतानाच्या, डोंगरातल्या बर्फावर पोसल्या जाणाऱ्या मध्यम आकाराच्या नदीविषयी आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणि शरद ऋतूत फ्लाय (कीटकाची नक्कल बांधलेला गळ) टाकून ट्राउट पकडण्याचा मला बऱ्यापैकी सराव आहे. परंतु झाडांना पालवी फुटण्याआधीच्या काही आठवड्यांत या नदीचा अंदाजच येत नाही. सकाळी पाण्याचे तापमान ४ अंश सेल्सियसच्या आसपास असते, दुपारी ते ७ अंशांपर्यंत चढते आणि नंतर पुन्हा उतरते. सकाळचे पाणी नितळ असते, तर ऊन चांगले तापलेल्या दिवशी सायंकाळी त्याला मातकट छटा येते. दुपारच्या सुमारास करड्या रंगाचे बारीक कीटक पाण्यावर दिसतात, पण ते टिपण्यासाठी वर येणारे मासे क्वचितच दिसतात.

त्यातही एक गोष्ट मला अजिबात उलगडलेली नाही. लख्ख उन्हाच्या उबदार दुपारी मासे तोंड मिटून बसतात आणि ढगाळ, बोचऱ्या हवेच्या दिवशी मात्र गळाला लागतात. मला वाटत होते की, ऊन म्हणजे ऊब आणि ऊब म्हणजे भूक. हे उलटे का होते? अशा दिवसांत नदीवर केव्हा जावे, कोणत्या पाण्यात फ्लाय टाकावी आणि आज नदी मासेमारीयोग्य आहे की नाही, हे निघण्यापूर्वी कशावरून ठरवावे, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

थंडपाणी

ट्राउट हा शीतरक्तीय मासा असल्यामुळे त्याच्या शरीराचे व्यवहार पाण्याच्या तापमानाप्रमाणे मंद किंवा वेगवान होतात. ४ अंशांच्या पाण्यात त्याचे पचन इतके सावकाश चालते की, थोडे खाल्ले तरी त्याला बराच काळ पुरते आणि एखाद्या भक्ष्याचा पाठलाग करण्यात खर्च होणारी शक्ती परत मिळण्याची शाश्वती त्याला नसते. साधारण १० ते १६ अंशांच्या पाण्यात तो सर्वांत मोकळेपणाने खातो. २० अंशांच्या वर मात्र त्याला त्रास होऊ लागतो आणि तेव्हा मासेमारी थांबवणेच योग्य. तुमची नदी सध्या या पट्ट्याच्या खालच्या टोकालाही पोहोचलेली नाही. म्हणून माझे ठाम मत असे आहे की, या दिवसांत तापमापकावरच्या आकड्यापेक्षा तो आकडा चढतो आहे की उतरतो आहे, याला अधिक महत्त्व द्यावे. ४ वरून ६ अंशांवर चढणारे पाणी माशाला जागे करते, तर ९ वरून ७ वर घसरणारे पाणी, ते मोजमापाने अधिक उबदार असूनही, त्याला पुन्हा तळाशी गप्प बसवते. त्यामुळे नदीवर पोहोचल्यावर एकदाच तापमान घेऊन भागत नाही. दर तासाला घ्यावे, आणि तेही काठाच्या उथळ साचलेल्या पाण्यात न घेता गुडघाभर वाहत्या पाण्यात, तापमापकावर ऊन पडणार नाही अशा रीतीने घ्यावे.

आता तुमचे कोडे. डोंगरावर ऊन तापले की बर्फ वितळतो आणि जवळजवळ शून्य अंशाचे ते पाणी ओढ्यांमधून मुख्य नदीत उतरते. बर्फाची रेषा जितकी दूर, तितके ते तुमच्या टप्प्यापर्यंत उशिरा पोहोचते. लख्ख उन्हाच्या दिवशी म्हणूनच असे होते की, दुपारी १ वाजेपर्यंत पाणी चढत्या तापमानाचे असते आणि त्यानंतर, हवा अजून उबदार असतानाच, वरून आलेल्या या थंड पाण्यामुळे ते घसरू लागते. तुम्हाला सायंकाळी दिसणारी मातकट छटा हा याच पाण्याचा पुरावा आहे. ढगाळ दिवशी, विशेषतः आदल्या रात्री वर कडक गोठण झाली असेल तर, बर्फ फारसा वितळत नाही, नदीची पातळी स्थिर राहते आणि तापमान कमी असले तरी ते हळूहळू चढत राहते.

ढगांचा दुसरा फायदा कीटकांशी निगडित आहे. तुम्ही पाहिलेले करडे कीटक बहुधा बेटिस गटातील बारीक मेफ्लाय असावेत. मासेमारीत त्यांना ब्लू विंग्ड ऑलिव्ह म्हणून ओळखतात. पाणी साधारण ६ ते ९ अंशांवर आले की ते पृष्ठभागावर येऊन कात टाकतात आणि पंख वाळेपर्यंत प्रवाहाबरोबर वाहत राहतात. दमट, ढगाळ हवेत पंख वाळायला वेळ लागतो, तेवढा माशाला वर येण्याचा अवसर मिळतो. कोरड्या उन्हात ते लगेच उडून जातात. यांच्याखेरीज चिलटांसारखे मिज हिवाळाभर निघतच असतात. दोन्ही कीटक फार लहान असल्यामुळे त्यांच्या नकला १८ ते २२ क्रमांकाच्या गळांवर (आकडा जितका मोठा, तितका गळ लहान) बांधलेल्या असाव्यात.

पाण्याच्या निवडीबद्दल सांगायचे तर, उन्हाळ्यात जिथे मासे धरता त्या खळाळत्या पट्ट्या सध्या सोडून द्या. थंडीत मासा प्रवाहाशी झुंजत नाही. माणूस सावकाश चालतो त्या वेगाने किंवा त्याहून संथ वाहणाऱ्या, कंबरेहून खोल पाण्यात तो तळाला चिकटून राहतो, कारण तळाच्या दगडगोट्यांशी होणाऱ्या घर्षणामुळे तिथला प्रवाह पृष्ठभागापेक्षा बराच मंद असतो. खळाळ संपून डोह सुरू होतो तिथली उतरण, मोठ्या खडकांच्या मागची खोल जागा आणि वळणाच्या बाहेरच्या काठाला कोरलेली घळ अशा ठिकाणी आधी पाहावे. तापमान ७-८ अंशांवर जाऊन कीटक निघू लागले की, हेच मासे डोहाच्या वरच्या तोंडाकडे, वेगवान आणि संथ पाण्याच्या सीमेवर सरकतात. सूर्याभिमुख काठाचे पाणी अधिक उबदार असते, असे पुष्कळ जण सांगतात. वाहत्या नदीत पाणी सतत मिसळत असल्याने मला त्यात फारसे तथ्य वाटत नाही, अगदी संथ आणि उथळ कडेचा अपवाद सोडल्यास. झरे मिळतात त्या जागा मात्र खरोखर शोधण्यासारख्या आहेत, कारण भूजलाचे तापमान वर्षभर जवळपास सारखे राहते आणि त्यामुळे या ऋतूत ते नदीपेक्षा उबदार असते.

वेळेचे म्हणाल तर सकाळी ११च्या आधी घाई करू नये आणि उन्हाच्या दिवशी तापमान घसरू लागताच आवरते घ्यावे. पहाटे नदीवर असण्याची उन्हाळी सवय या ऋतूत निरुपयोगी आहे.

धारेकडेचा

थंडपाणी यांच्या विवेचनाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु क्रम बदलावा असे सुचवतो. मासा खाईल की नाही हे तापमान सांगते, हे खरे; मात्र तुमची फ्लाय त्याच्यापर्यंत पोहोचेल की नाही आणि पोहोचली तर त्याला दिसेल की नाही, हे प्रवाह आणि पाण्याची पारदर्शकता ठरवते. घरून निघण्यापूर्वी तापमानाचा अंदाजच करता येतो. जलमापन केंद्राचा आलेख मात्र बहुतेक मोठ्या नद्यांसाठी पाहायला मिळतो.

तो आलेख वाचताना विसर्गाच्या एकट्या आकड्यावर जाऊ नये. एकच आकडा चढत्या पाण्याचा असेल तर नदीत पालापाचोळा, काटक्या आणि माती वाहत असते व मासे आपली जागा सोडून कडेला सरकत असतात. तोच आकडा उतरत्या पाण्याचा असेल तर पाणी नितळ होत असते आणि मासे पुन्हा स्थिरावून खाऊ लागतात. वसंताच्या सुरुवातीला उतरत्या आणि नितळ होत जाणाऱ्या पाण्यासारखी दुसरी चांगली स्थिती नाही, असे माझे मत आहे. बर्फ वितळू लागला की आलेखावर रोज एक लाट दिसते: दुपारी वर वितळलेले पाणी अंतराप्रमाणे सायंकाळी, मध्यरात्री किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे खाली पोहोचते. तुमच्या टप्प्यावर ही लाट नेमकी केव्हा येते आणि तळ केव्हा गाठते, हे काही दिवसांचा आलेख पाहून सहज कळते. तुम्ही सांगता त्यावरून तुमच्याकडे ती सायंकाळी येते, म्हणजे सकाळ ते दुपार हा उतरत्या पाण्याचा काळ आहे आणि सुदैवाने तो तापमानाच्या चढत्या काळाशी जुळतो. ज्या नदीत लाट दुपारीच पोहोचते, तिथे हे गणित इतके सोपे राहत नाही.

हवामानाच्या अंदाजात दिवसाच्या तापमानापेक्षा बर्फाच्या उंचीवरचे रात्रीचे तापमान पाहावे. रात्री तिथे पाणी गोठत असेल तर दुसऱ्या दिवशीची वितळ उशिरा आणि बेताने सुरू होते. सलग काही रात्री पारा शून्याखाली गेलाच नाही, तर मोठी वितळ सुरू झाली असे समजावे. त्यानंतर नदी अनेक आठवडे फुगलेली आणि गढूळ राहू शकते. ज्या मुदतीविषयी तुम्ही विचारत आहात ती त्याआधीची आहे, आणि ती काही वर्षी फारच लहान असते. साठलेल्या बर्फावर उबदार पाऊस पडला तर ती एका रात्रीतही संपू शकते. अशा वेळी धरणाखालचा किंवा तलावाच्या मुखाखालचा टप्पा पर्याय म्हणून हाताशी असावा, कारण तिथे गाळ आधीच खाली बसलेला असतो आणि तापमानातले चढउतारही कमी असतात.

पारदर्शकतेची माझी कसोटी साधी आहे. गुडघाभर पाण्यात उभे राहून बुटाचे टोक स्पष्ट दिसत असेल आणि मांडीभर पाण्यात ते धूसर होत असेल, तर ती उत्तम स्थिती होय. अशा किंचित हिरवट पाण्यात मासा कमी बुजतो आणि थोडा जाड दोराही चालून जातो. गुडघाभर पाण्यातच पाय दिसेनासा झाला, तर बारीक निम्फ (पाण्याखालच्या कीटक-पिल्लाची नक्कल असलेली, बुडणारी फ्लाय) डबीत ठेवून द्यावी आणि काळी किंवा गर्द ऑलिव्ह रंगाची वूली बगर (पाण्याखालून ओढायची मोठी, केसाळ फ्लाय) काठालगतच्या संथ पट्टीत, तळाजवळून, अगदी सावकाश ओढावी. चढत्या पाण्याने काठावरची गांडुळे वाहून येतात, त्यामुळे गांडुळासारखी बांधलेली फ्लायही तेव्हा चालते. काहींना ती कमीपणाची वाटते; मला तसे वाटत नाही.

काठावरचा

दोघांचेही आभार. सायंकाळच्या लाटेचा आणि माशांच्या गप्प होण्याचा संबंध माझ्या लक्षातच आला नव्हता. एक उपप्रश्न विचारतो. खोल, संथ पाण्यात निम्फ टाकताना मला एक तर ती तळाला अडकल्याचे जाणवते किंवा काहीच जाणवत नाही. मासे तिथे आहेत असे गृहीत धरले, तर ते निम्फ घेत नाहीत, की घेतात आणि मला कळत नाही?

तळठाव

बहुधा दोन्ही. थंड पाण्यात मासा निम्फला झडप घालत नाही. ती तोंडासमोर आली तर तो तोंड उघडतो, ओठात धरतो आणि अयोग्य वाटली तर थुंकून टाकतो. या सगळ्यात इंडिकेटर (दोरावरची तरंगती खूण) बुडतोच असे नाही. तो किंचित थबकला, त्याचा वेग शेजारच्या फेसापेक्षा कमी झाला किंवा तो तिरका झाला, तर तोच इशारा समजून गळाची काठी हलकेच उचलावी. दगडाला लागली असेल तरी आपले काही बिघडत नाही.

निम्फ न घेण्याचे कारण बहुतेक वेळा तिची जात नसून तिची खोली असते. या दिवसांत मासा आपल्या जागेवरून वीतभरापेक्षा जास्त हलेल अशी अपेक्षा धरू नये, म्हणजे निम्फ त्याच्या डोक्यावरून अर्धा मीटर उंचावरून गेली तर ती त्याच्या लेखी नसल्यासारखीच. इंडिकेटरपासून निम्फपर्यंतचे अंतर पाण्याच्या खोलीच्या सुमारे दीडपट ठेवावे आणि दर काही फेकींमध्ये एकदा तळाचा स्पर्श जाणवेल इतके वजन लावावे. एकदाही स्पर्श होत नसेल तर वजन वाढवावे आणि प्रत्येक फेकीत अडकत असेल तर कमी करावे. पुष्कळ जण मासा लागला नाही की निम्फ बदलत बसतात; मी आधी वजन बदलतो, मग खोली, आणि त्यानंतरच निम्फ.

दोरा जितका बारीक, तितका तो पाणी कापत लवकर बुडतो. नितळ पाण्यात ५ एक्सचे टिपेट (फ्लायला बांधायचा दोराचा बारीक टोकाचा भाग; ‘एक्स’ हे त्याच्या जाडीचे माप) योग्य ठरते. ११मधून एक्सचा आकडा वजा केला की जाडी इंचाच्या सहस्रांशात मिळते. म्हणजे ५ एक्स हे ६ सहस्रांश इंच, सुमारे ०.१५ मिलिमीटर. पाणी हिरवट असेल तेव्हा ४ एक्स वापरायला हरकत नाही.

निम्फची निवड मी दोन टोकांनी करतो. एक जड आणि मोठी, ८ ते १० क्रमांकाची स्टोनफ्लायची नक्कल, कारण मोठ्या स्टोनफ्लायची पिल्ले पाण्यात एकाहून अधिक वर्षे वाढतात आणि त्यामुळे ती माशाच्या ओळखीची असतात. तिच्या मागे दोराच्या तुकड्यावर १६ किंवा १८ क्रमांकाची फेझंट टेल. ही निम्फ इंग्लंडमधील एव्हन नदीचे रक्षक फ्रँक सॉयर यांनी बांधली. त्यांनी धाग्याऐवजी तांब्याची बारीक तार वापरली होती, म्हणजे जे बांधते तेच बुडवते. आज मिळणाऱ्या टंगस्टन मण्यांच्या निम्फ अधिक वेगाने तळ गाठतात, हे मान्य. तरीही संथ डोहात मला सॉयर यांची सडपातळ, बिनमण्याची निम्फ अधिक विश्वासार्ह वाटते.

आणखी एक सवय लावून घ्यावी. एकाच पट्टीतून निम्फ पुनःपुन्हा न्यावी, आणि मग हातभर पुढे सरकून तेच करावे. उन्हाळ्यात दोन-तीन फेकींत मासा नाही म्हणून पुढे जाणे शहाणपणाचे असते. इथे ते उतावीळपणाचे ठरते.

उथळपाणी

वरील चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे, ती म्हणजे वीण. ब्राउन ट्राउट शरद ऋतूत आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला अंडी घालतो; ५ अंशांच्या पाण्यात ती फुटायला अडीच महिन्यांहून अधिक काळ लागू शकतो आणि बाहेर आलेली पिल्लेही पोटाखालची बलकाची पिशवी संपेपर्यंत आणखी काही आठवडे खडीच्या आतच राहतात. रेनबो ट्राउट याच्या उलट वसंतात अंडी घालतो. दोन्ही जातींच्या नदीत, तुम्ही विचारलेल्या आठवड्यांत, एकीची पिल्ले खडीत असतात आणि दुसरीचे मासे विणीच्या तयारीत असतात. अनेक नद्यांवर या काळात बंदी असते ती याच कारणाने, तेव्हा आपल्या टप्प्याचा नियम आधी पाहूनच निघावे.

विणीची जागा ओळखणे अवघड नाही. मादी शेपटीने खडी उकरते, त्यामुळे आजूबाजूच्या शेवाळलेल्या तळात एक फिकट, धुतल्यासारखा स्वच्छ खळगा दिसतो आणि त्याच्या खालच्या अंगाला खडीचा छोटा उंचवटा असतो. अंडी त्या उंचवट्यात असतात, खळग्यात नव्हे; म्हणून खळगा चुकवून नेमके उंचवट्यावर पाय देणारे लोक पाहिले की वाईट वाटते. मात्र हिवाळाभरात शेवाळ पुन्हा चढल्याने जुने खळगे ओळखू येत नाहीत, तेव्हा डोहाच्या शेवटी जिथे सुपारीपासून लिंबापर्यंतच्या आकाराची खडी उथळ, वाहत्या पाण्यात पसरलेली असते, तिथून चालूच नये. विणीवर बसलेल्या माशांच्या अंगावर फ्लाय टाकणे मला मुळीच पटत नाही. तो मासा खाण्यासाठी तिथे आलेला नसतो.

पाण्यात उतरण्याविषयीही थोडे लिहितो. ५ अंशांच्या पाण्यात पडल्यास पहिल्या मिनिटभरात श्वासावर ताबा राहत नाही आणि काही मिनिटांतच बोटे निकामी होतात. वेडर्सवरचा (पाण्यात उतरताना घालायच्या जलरोधक विजारीवरचा) पट्टा घट्ट बांधलेला असावा आणि हातात टेकायला काठी असावी. धारेकडेचा यांनी सांगितलेली लाट इथेही लक्षात ठेवावी: दुपारी १२ वाजता मांडीभर पाण्यातून पलीकडे गेलात, तर सायंकाळी तेच पाणी कंबरेच्या वर असू शकते. परत ओलांडण्याची उथळ जागा आधीच ठरवावी, किंवा या दिवसांत नदी ओलांडूच नये. हवा शून्याखाली असताना पकडलेला मासा पाण्याबाहेर काढू नये, कारण त्याचे नाजूक कल्ले गोठून इजा होते; बिनकाट्याचा गळ असेल तर तो पाण्यातच क्षणात सुटतो.

काठावरचा

विणीचा मुद्दा मनापासून पटला. डोहांच्या शेवटची खडी आता पूर्णपणे टाळीन. शेवटचे एकच विचारतो. समजा ढगाळ दिवस आहे, दुपारी पाणी ७ अंशांवर आले आहे, बेटिस दिसत आहेत आणि इकडे-तिकडे एखादा मासा वर येतो आहे. तेव्हा निम्फ सोडून ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी फ्लाय) लावावी का?

थंडपाणी

एखादा मासा एकदाच वर आला तर लावू नये. तोच मासा त्याच जागी पुन्हा पुन्हा वर येत असेल, तरच निम्फ काढावी. त्यापूर्वी तो काय घेतो आहे ते नीट पाहा: पृष्ठभागावर नाकाचा टोकदार भाग दिसला आणि बुडबुडा उरला तर तो तरंगणारा कीटक घेत आहे, केवळ पाठ आणि शेपटीचा वरचा भाग दिसला आणि बुडबुडा नसेल, तर तो पृष्ठभागाच्या किंचित खाली कात टाकू पाहणारे कीटक घेत आहे. थंडीत दुसरा प्रकार अधिक आढळतो, म्हणून मी आधी २० क्रमांकाची, पृष्ठभागात अर्धवट बुडून राहणारी इमर्जर लावतो आणि ती नाकारली गेल्यावरच ड्राय फ्लायकडे वळतो.

अशी वेळ फार टिकत नाही, कधी तासभर, कधी त्याहूनही कमी. तेव्हा टिपेटला इमर्जर बांधलेला दुसरा लीडर (मुख्य दोरीला जोडायचा निमुळता दोरा) आधीच तयार ठेवा. गारठलेल्या बोटांनी २० क्रमांकाच्या गळाच्या डोळ्यात दोरा ओवायला लागणारा वेळ त्या तासातून परवडत नाही.